पायाचा आकडा

एल आल्तोमध्ये, चार हजार मीटरवर,
हवेनं आधीच हात आखडता घेतलाय.
बाजारात बटाट्याची पोती उचलणाऱ्या धडधाकट बाईचं बोट
चिमट्यात धरलं, तरी यंत्र किंचाळतं.
यंत्र समुद्रकाठचं आहे.
त्याला वाटतं, आम्ही सगळे मरायला टेकलोय.

म्हणून त्याचा भोंगा मी बंद ठेवते.
भिंतीवर आमचा तक्ता आहे, हातानं लिहिलेला.
डॉक्टर तिकोना दोन हिवाळे बाळांचे पाय मोजत बसले,
तेव्हा कुठे कळलं
आमच्याकडे बरं असणं म्हणजे किती.

यूदित पाकोसिलोचं बाळ मंगळवारी पहाटे झालं.
सातव्या महिन्यात पोटावर गार जेल फासून
पडद्यावर त्याचं हृदय शोधलं होतं.
चार कप्पे दिसले, चारही धडधडत होते.
तिथून बाहेर जाणाऱ्या वाटा बघायला गेलो
तर पोर पाठ फिरवून बसलेलं.
यूदितला जिना चढउतार करायला लावला,
कुशीवर वळवली, गोड चहा पाजला.
नाही वळलं.
कागदावर लिहिलं गेलं : पुन्हा बघावे.
पुन्हा बघायचा दिवस रस्तारोकोत गेला.

बुधवारी सकाळी घरी निघायची तयारी.
बाळ दूध ओढतंय, रडतंय दणकून,
गालांवर डोंगरातला लालसरपणा.
मी म्हटलं, पाच मिनिटं.
उजव्या हाताला पट्टी गुंडाळली : सत्त्याऐंशी.
आमच्या उंचीला सत्त्याऐंशी म्हणजे सोनं.
यूदितची आत्या गाठोडं बांधत म्हणाली, झालं ना?
मी पट्टी पायाला लावली.

अठ्ठ्याहत्तर.

पाय गार असला की यंत्र खोटं बोलतं.
मी तो तळव्यांत धरला, ऊन श्वास सोडला त्याच्यावर
(केवढा असतो पाय, शेंगेएवढा)
आणि पुन्हा.
एकोणऐंशी.
तासाभरानं सत्त्याहत्तर.

उंचीचं सगळं खरं, पण उंची
हाताला एक आणि पायाला एक
अशी नसते.
एका अंगात दोन गावं झाली होती :
वरच्या गावाला ताजं पाणी,
खालच्याला वापरलेलं.

तक्ता लागायच्या आधीची गोष्ट आहे,
त्या बाळाचा मी फक्त हात मोजला होता.
चौथ्या दिवशी वडील आले,
काखेत घडी केलेली घोंगडी.
भांडायला नव्हते आले.
घोंगडी दवाखान्याची आहे का
एवढंच विचारायला आले होते.

यूदितला मी सांगितलं, जमेल तसं, आयमारात :
पोटात असताना बाळाला एक आडवाट असते,
न उघडलेल्या फुप्फुसांना वळसा घालणारी.
जन्मल्यावर ती मिटते. मिटायलाच हवी.
पण तुझ्या बाळाचं कमरेखालचं सगळं
त्या आडवाटेवर जगतंय.
आज मिटेल, नाहीतर परवा.
औषधाचा थेंब थेंब सोडून आम्ही ती उघडी धरणार,
शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत.

ती खूप वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली,
म्हणजे रस्तारोको होऊ द्यायचा नाही.

रुग्णवाहिका वळणं घेत ला पासकडे उतरली.
खाली हवा थोडी जास्त असते,
त्या बाळाला त्याचा फारसा उपयोग नव्हता, तरी
मला बरं वाटलं.
शनिवारी टेबलावर घेतलं, असा निरोप आला.
त्यानंतरचा निरोप अजून यायचाय.
तिकडचा फोन लागत नाही, किंवा
मी तितक्या वेळा लावत नाही.

पाळणा क्रमांक सहा. मुलगी, कालची.
बाळाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणे.
दिसत नाहीत. लोकरीत गुंडाळलेले असतात,
सोडवावे लागतात.
आधी मी माझे हात
एकमेकांवर चोळते.